‘संपूर्ण व्यवस्थापन’ घ्यावं का? साहित्य महोत्सवासाठी आयोजन कंपन्यांच्या सेवेचं परीक्षण

लग्नं, परिषदा आणि गाण्याचे कार्यक्रम उभे करणाऱ्या बऱ्याच आयोजन कंपन्या आता साहित्य महोत्सवांसाठीही ‘संपूर्ण व्यवस्थापन’ विकतात. जागा, मंच, ध्वनी, तिकिटं, स्वयंसेवक, प्रसिद्धी, लेखकांचा प्रवास, पुस्तकांचा स्टॉल, सगळं एकाच रकमेत. तुम्ही फक्त लेखक ठरवा, बाकीचं आमच्यावर सोडा, असा प्रस्तावाचा सूर. निकाल आधीच सांगायचा तर यातली निम्मी सेवा पैसे वसूल करणारी असते, पाव कामचलाऊ असते आणि उरलेला पाव कंपनीच्या हाती देऊच नये. नेमका कुठला पाव, हे बहुतेक संस्थांना पहिला महोत्सव उरकल्यावर कळतं.

अडचण कंपनीच्या कष्टांत नसते. साहित्य महोत्सवाला एकच मालक नसतो, आणि कंपनीची सगळी पद्धत एक मालक गृहीत धरून बनलेली असते.

एक साधं सत्र घ्या. दुपारी तीन ते चार, एक कादंबरीकार, एक संवादक, तीनशे खुर्च्या. हे सत्र साडेतीनला ढकलायचं ठरलं तर कोणाकोणाला कळवावं लागतं? लेखक, संवादक, लेखकाला आणणारा चालक, सोबतीचा स्वयंसेवक, ध्वनिवाला, तिकीट विभाग, पुस्तकविक्रेता, स्वाक्षरीच्या टेबलावरची माणसं, प्रकाशकाचा प्रसिद्धी विभाग, ज्याच्या नावानं सत्र आहे तो प्रायोजक, चित्रीकरणवाले आणि सांकेतिक भाषेचे दुभाषी. झाले बारा. यातले चालक, ध्वनी, तिकिटं, चित्रीकरण आणि लेखकासोबतचे व स्वाक्षरीच्या टेबलावरचे स्वयंसेवक कंपनीच्या हाताखाली असतात. त्यांना वॉकीटॉकीवरून दोन मिनिटांत कळतं. उरलेले सहा कोणाच्याच हाताखाली नसतात. इथेच घोडं पेंड खातं. विक्रेता तीनला पुस्तकं मांडून बसतो, लेखक साडेतीनला मंचावर चढतो, आणि सत्र संपून लोक बाहेर येतात तेव्हा विक्रेत्यानं ती पुस्तकं उचलून पुढच्या लेखकाची मांडलेली असतात.

यावर उपाय अगदी कारकुनी आहे: एकच मुख्य तक्ता. तो पाहता सगळ्यांना यावा, पण बदलता एकालाच यावा. प्रत्येक सत्राला सुरुवातीलाच एक कायमचा क्रमांक द्यावा आणि सगळा पत्रव्यवहार त्या क्रमांकानं करावा, कारण सत्राचं शीर्षक छपाईला जाईपर्यंत तीनदा बदलतं. कार्यक्रम गोठवण्याची तारीख ठरलेली असावी. महोत्सवाआधी तीन महिने ही ठीक. त्यानंतरचा प्रत्येक बदल वेळ आणि तारीख घातलेल्या चिठ्ठीनंच व्हावा आणि ती चिठ्ठी बाराही जणांकडे जावी. कंपन्या असा तक्ता देतात, नाही असं नाही. फक्त तो त्यांच्या आतल्या कामासाठी असतो आणि बाहेरच्या सहांना तो उघडताच येत नाही. करार करताना पहिला प्रश्न हाच विचारावा.

मंच, ध्वनी, गर्दी : इथे कंपनीच हवी

मांडव, वीज, जनित्र, शौचालयं, रांगांचे कठडे, अग्निशमन आणि गर्दीच्या परवान्यांची कागदपत्रं, विमा. ही कामं हौशी समितीनं अंगावर घेऊ नयेत. कंपनीला कोणत्या खात्यात कोणता अर्ज किती दिवस आधी द्यायचा हे पाठ असतं, आणि ऐन वेळी जनित्र बंद पडलं तर दुसरं कुठून आणायचं हेही. या भागाला पूर्ण गुण.

ध्वनीला मात्र अर्धेच. कंपनीच्या ध्वनिवाल्यांचा हात गाण्यावर बसलेला असतो. मंचाच्या दोन बाजूंना दोन भलेमोठे स्पीकर रचायचे आणि आवाज वाढवायचा, ही त्यांची रीत. बोलण्याच्या कार्यक्रमाला ती चालत नाही: पहिल्या रांगेचे कान किटतात आणि शेवटच्या रांगेला शब्दच लागत नाहीत. संवादासाठी सभागृहभर छोटे छोटे स्पीकर लावावेत आणि मागच्यांना आवाज किंचित उशिरा सोडावा. ध्वनीला तीस मीटर जायला साधारण ९० मिलिसेकंद लागतात. तेवढा उशीर यंत्रात भरला नाही तर मागे बसलेल्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. हे करता येतं सगळ्यांना, पण मागितल्याशिवाय कोणी करत नाही.

माइकचा हिशेब: मंचावर तिघे असतील तर तीन, शिवाय एक राखीव, आणि प्रश्नोत्तरांसाठी प्रेक्षकांत फिरते दोन. प्रस्तावात बहुधा चारच लिहिलेले असतात आणि फिरता माइक म्हणजे मंचावरचाच एक खाली पाठवायचा असा बेत असतो. कॉलरचा माइक शाल, माळ किंवा ओढणीवर घासून खरखरतो. कवी वाचताना मान खाली घालतो तेव्हा आवाज माइकच्या कक्षेतून निसटतो, म्हणून वाचनासाठी स्टँडवरचा वेगळा माइक हवाच.

आणि तो सोफा! कंपनीच्या गोदामात गुबगुबीत सोफे पडून असतात आणि फोटोत ते झकास दिसतात. त्यात बसलेला माणूस मात्र खोल रुततो, गुडघे छातीशी येतात, पोट दाबलं जाऊन आवाज बारीक होतो, आणि उठताना हाताचा आधार शोधावा लागतो. सत्तरी ओलांडलेल्या लेखकाला त्यातून उठवायला दोन स्वयंसेवक धावतात, तेही सगळ्या सभागृहासमोर. साधारण ४५ सेंटिमीटर उंचीच्या, हात असलेल्या, ताठ पाठीच्या खुर्च्या मागाव्यात, आणि पुस्तक उभं ठेवता येईल आणि पाण्याचा पेला मावेल असं टेबल. हे लेखी मागावं, नाही तर सोफा येतो म्हणजे येतोच.

शेजारी शेजारी मांडव असतील तर कापडानं आवाज अडत नाही. बाजूच्या मांडवात मुलांसाठी ढोल वाजवून गोष्ट चालू असेल तर इकडचं कवितावाचन संपलंच म्हणायचं. ध्वनिवाला यात काहीच करू शकत नाही. उपाय वेळापत्रकात असतो. म्हणजेच कार्यक्रम समिती आणि ध्वनिवाला यांनी एकाच टेबलावर बसून तक्ता तपासायला हवा. ‘संपूर्ण’ सेवेत ही बैठक नसते, कारण वेळापत्रक हे संस्थेचं काम आणि ध्वनी हे कंपनीचं, अशी वाटणी आधीच झालेली असते.

दोन सत्रांमधल्या वेळेचंही तेच. प्रस्तावात दहा मिनिटं दाखवतात. तीनशे माणसं दोन दारांनी बाहेर पडायला सात-आठ मिनिटं जातात. आत येताना दोन ठिकाणी तिकिटं तपासली आणि एकेका ठिकाणी मिनिटाला दहा माणसं सोडली, तरी पंधरा मिनिटं लागतात. मधे माइक बदलणं, चाचणी, पाणी, नावाच्या पाट्या. अर्ध्या तासाखाली हे बसतच नाही. दहा मिनिटांच्या हिशेबानं आखलेला महोत्सव पहिल्या दिवशी दुपारी दोनपर्यंत पाऊण तास मागे पडलेला असतो, आणि मग सूत्रसंचालक प्रश्नोत्तरं कापायला लागतात.

पुस्तकांचा स्टॉल : इथे कंपनी नकोच

कंपनीच्या लेखी पुस्तकांचा स्टॉल म्हणजे भाड्यानं द्यायची जागा. जो जास्त भाडं देईल त्याला ती मिळते. तो विक्रेता भाडं वसूल करण्यासाठी हमखास खपणारी पुस्तकं आणि सवलतीतले गठ्ठे आणतो. शेजारच्या मांडवात ज्या पुस्तकावर तासभर बोलणं झालं ते त्याच्याकडे नसतं. साहित्य महोत्सवात याहून मोठी फजिती नाही. प्रकाशकानं लेखकाच्या प्रवासाचा खर्च उचललेला असेल तर तो पुढच्या वर्षी फोनही उचलत नाही.

एडिंबरा आंतरराष्ट्रीय पुस्तक महोत्सव १९८३ मध्ये सुरू झाला. त्यानं वर्षानुवर्षं आपलं पुस्तकाचं दुकान स्वतः चालवलं आणि त्यातली मिळकत महोत्सवाच्याच कामी लागली. छोट्या संस्थेला दुकान चालवणं झेपणार नाही, पण एका चांगल्या विक्रेत्याशी थेट करार करणं नक्कीच झेपतं. भाडं घेऊ नये. विक्रीवर टक्का घ्यावा. मग त्याचा आणि महोत्सवाचा फायदा एकाच दिशेला जातो.

प्रती किती मागवायच्या? तीनशे खुर्च्यांच्या सत्राला पंधरा ते वीस टक्के लोक पुस्तक घेतील असं धरून नव्या पुस्तकाच्या ४५ ते ६० प्रती आणि जुन्या दोन-तीन पुस्तकांच्या दहा-दहा. मुलांच्या सत्रांना हा आकडा वाढतो, कारण पुस्तक घेतल्याशिवाय मूल हलत नाही. मागणी निदान सहा आठवडे आधी जावी, परदेशातून येणाऱ्या पुस्तकांसाठी आणखी आधी. न खपलेल्या प्रती परत घेण्याच्या बोलीवरच माल घ्यावा, आणि परतीचं वाहतूकभाडं कोणाचं हे त्याच पत्रात लिहावं. भांडणं तिथेच होतात.

आता एक बारीक पण छळणारी गोष्ट. मागणीची यादी स्प्रेडशीटमध्ये बनते. त्यात आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीचा, तेरा अंकी क्रमांक टाकला की रकाना अरुंद असल्यास यंत्र तो आकडा समजून घातांकाच्या रूपात दाखवतं, आणि सगळ्या पुस्तकांचे क्रमांक सारखेच दिसायला लागतात, कारण बहुतेक सगळे ९७८ नंच सुरू होतात. ती फाइल साध्या मजकुराच्या रूपात साठवून पुढे पाठवली की मूळ अंक कायमचे जातात. रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवून ठेवला तर हे होत नाही. दुसरं, कापडी बांधणी आणि साधी बांधणी यांचे क्रमांक वेगळे असतात. संवादकानं एक आवृत्ती वाचलेली, विक्रेत्यानं दुसरी मागवलेली, आणि संवादक मंचावरून ‘पान ११२ उघडा’ म्हणतो तेव्हा प्रेक्षकांच्या हातात ते पान भलतंच निघतं. कंपनीचा समन्वयक हे पकडू शकत नाही, त्याचा दोष नाही. हे पुस्तकाच्या धंद्यातल्या माणसाचं काम.

स्वाक्षरीचं गणितही विक्रेत्याला बरोबर घेऊनच करावं. शंभर माणसं, प्रत्येकी तीस सेकंद, म्हणजे पन्नास मिनिटं. प्रत्येकाला फोटो हवा असेल तर दीड तास. रांगेतच नावाची चिठ्ठी लिहून पुस्तकात खोचली आणि एका स्वयंसेवकानं सही करायचं पान उघडून दिलं तर एकेकाचा वेळ वीस सेकंदांवर येतो. तरीही दोन मोठ्या लेखकांची सत्रं एकाच वेळी संपत असतील तर टेबलं दोन लागतात, आणि रांगा परस्परविरुद्ध दिशांना न्याव्या लागतात.

लेखकाशी बोलायचं कोणी?

सर्वांत जास्त तक्रारी इथल्या. निमंत्रण संस्थेकडून जातं, तिकिटं कंपनीकडून, परिचयाचा मजकूर प्रसिद्धीवाल्याकडून, प्रश्नांची यादी संवादकाकडून, ‘दोन मिनिटांचा व्हिडिओ करून पाठवा’ प्रायोजकाकडून, आणि प्रकाशकाचा माणूस अधूनमधून सगळ्यांना प्रत ठेवून काहीतरी विचारतो. महिनाभरात लेखकाकडे पाच ठिकाणांहून वीस पत्रं. त्यातल्या तीन पत्रांत सत्राची वेळ वेगवेगळी.

म्हणून लेखक कक्ष संस्थेनं स्वतःकडे ठेवावा आणि लेखकाशी एकाच माणसानं बोलावं. वीस-पंचवीस लेखकांमागे एक माणूस पुरतो. प्रत्येक लेखकाचं एक पान असावं: प्रवास, मुक्काम, मानधन आणि ते कधी मिळणार, चित्रीकरणाला संमती, चढउताराची किंवा ऐकण्याची काही अडचण, तातडीचा संपर्क, संवादकाचं नाव. तिकिटं कंपनीनं काढावीत, पण ती लेखकापर्यंत या माणसामार्फतच जावीत.

मानधनाचा विषय कंपनीच्या अंदाजपत्रकात ‘संस्थेकडे’ एवढ्या एका शब्दात येतो, आणि फुलांच्या सजावटीला मात्र स्वतंत्र ओळ असते. २०१६ च्या जानेवारीत इंग्रज कादंबरीकार फिलिप पुलमन यांनी ऑक्सफर्ड साहित्य महोत्सवाचं आश्रयदातेपद सोडलं, ते महोत्सव लेखकांना मानधन देत नाही या कारणानं. आता तरी ती ओळ सजावटीच्या वर यायला हवी. संवादकाचं मानधन तर सगळेच विसरतात, आणि त्याला पुस्तकं सत्राच्या चार दिवस आधी पोचवतात. दोन-तीन पुस्तकं वाचायची तर सहा आठवडे लागतात. लेखक आणि संवादक यांचं वीस मिनिटांचं बोलणं आठवडाभर आधी व्हावं. मंचामागच्या खोलीत चहा घेता घेता झालेली ओळख पुरत नाही, ते पाचव्या मिनिटाला प्रेक्षकांनाही कळतं.

दुभाष्यांचंही इथेच सांगितलेलं बरं. ते जोडीनं काम करतात आणि वीस ते तीस मिनिटांनी पाळी बदलतात. प्रस्तावात एकच दुभाषी दिसला तर तो स्वस्ताईसाठी आहे असं समजावं. वाचल्या जाणाऱ्या कवितेची प्रत त्यांना आधी मिळाली नाही तर चांगला दुभाषीही गप्प बसतो.

स्वयंसेवक कंपनीनं नेमले तरी चालतं. तीनशे खुर्च्यांना सात जण: दारांवर दोन, फिरत्या माइकला दोन, मंचाशी एक, लेखकाच्या सोबत एक, स्वाक्षरीच्या रांगेला एक. पाळी पाच तासांच्या वर नको. पाचातला एक येणार नाही असं धरूनच यादी करावी.

शेवटचा शब्द कोणाचा?

करारात सगळ्यात पातळ भाग असतो तो कार्यक्रम रद्द करण्याचा. ‘अपरिहार्य कारणास्तव’ या दोन शब्दांत तो उरकलेला असतो, आणि कारण अपरिहार्य आहे हे ठरवणार कोण, ते लिहिलेलं नसतं.

जयपूर साहित्य महोत्सवात २४ जानेवारी २०१२ रोजी सलमान रश्दी व्हिडिओवरून बोलणार होते. आयोजक तयार होते, लेखक पडद्यापलीकडे तयार होता. पोलिसांच्या सल्ल्यानंतर डिग्गी पॅलेस या जागेच्या मालकानं नकार दिला आणि सत्र झालं नाही. व्यवस्थापनाच्या भाषेत सांगायचं तर जागामालक हा फक्त जागा देणारा नसतो, त्याच्याकडे नकाराधिकार असतो. तो कधी वापरता येईल हे आधी बोलून ठेवायचं असतं. यवतमाळच्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या वेळी, जानेवारी २०१९ मध्ये, उद्घाटक नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं. यजमान संस्था आणि साहित्य महामंडळ अशा दोन घरच्या पाहुण्याचं निमंत्रण रद्द करायचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर रण पेटलं आणि महामंडळाच्या अध्यक्षांचा राजीनामा आला. ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो लेखक महोत्सवानं ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू व्हायच्या जेमतेम दोन दिवस आधी वक्त्यांना आचारसंहिता पाठवली. पन्नासहून अधिक लेखकांनी माघार घेतली. मजकुराबद्दल वाद होतच राहतील, पण असा कागद निमंत्रणाबरोबर जायला हवा, प्रवासाच्या तिकिटानंतर नव्हे.

प्रायोजकाबाबत २०२४ चं उदाहरण पुरेसं आहे. बेली गिफर्ड या गुंतवणूक कंपनीच्या प्रायोजकत्वाला लेखकांनी विरोध केला. वेल्समधल्या ‘हे’ (Hay) साहित्य महोत्सवानं ते प्रायोजकत्व २४ मे रोजी, म्हणजे महोत्सव सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, स्थगित केलं. त्याच महिन्यात एडिंबराही वेगळं झालं. लेखकांना प्रायोजक कोण हे निमंत्रणातच सांगितलं तर ज्यांना यायचं नाही ते आधीच नाही म्हणतात, आणि छापलेला कार्यक्रम वाचतो.

म्हणून कराराला एक पान जोडावं. त्यावर पाच प्रसंग: लेखकाची माघार, धमकी किंवा निदर्शनं, जागामालकाचा नकार, प्रायोजकावरचा आक्षेप, वादळपाऊस. प्रत्येकापुढे निर्णय घेणाऱ्या एकाच माणसाचं नाव, तो नसेल तर दुसऱ्याचं, आणि निर्णय किती वेळात जाहीर करायचा ते. निर्णय कंपनीच्या माणसाच्या नावावर कुठेही नको, वादळपाऊस सोडून; तिथे मात्र त्याचाच शब्द शेवटचा असू द्यावा, कारण मांडव किती वारा सोसेल हे त्याला माहीत असतं.

पैसे आणि उरलेल्या गोष्टी

कंपनी तीन प्रकारे पैसे घेते: ठरावीक रक्कम, एकूण खर्चावर टक्का, किंवा आणलेल्या प्रायोजकत्वावर टक्का. खर्चावर टक्का असेल तर मंच दरवर्षी मोठा होत जातो, यात नवल नाही. प्रायोजकत्वावर टक्का असेल तर पहिल्या तीन रांगा प्रायोजकाच्या पाहुण्यांसाठी अडतात, पाहुणे येत नाहीत, आणि चित्रीकरणात लेखक रिकाम्या खुर्च्यांशी बोलताना दिसतो. राखीव जागा सत्राच्या पाच मिनिटं आधी मोकळ्या होतील हे तिकिटावरच छापावं. ठरावीक रक्कमच बरी.

तिकीट घेणाऱ्यांची यादी आणि सत्रांची चित्रफीत कोणाच्या मालकीची, हे न लिहिल्यास दोन्ही कंपनीकडे राहतात. पुढच्या वर्षी कंपनी बदलली की स्वतःच्याच वाचकांना पत्र पाठवायला संस्थेकडे पत्ते नसतात. रकमेचा शेवटचा पंधरा टक्के हप्ता हातात ठेवावा आणि तीन गोष्टी आल्यावरच सोडावा: वाचकांची यादी, सगळ्या सत्रांच्या मूळ चित्रफिती, आणि स्टॉल, ध्वनी, वाहतूक यांची खरी बिलं. महिनाभराची मुदत पुरेशी आहे. विक्रेत्याच्या परतीच्या पुस्तकांचा हिशेबही तेवढ्याच दिवसांत लागतो.